व्यापारी संघाचा हिशेब: गुरख्याच्या पगारापासून सुरुवात करा

सांगलीत गणपती पेठेला लागून आमची गल्ली आहे. 86 दुकानं. भांडी, दोरखंड-ताडपत्री, हार्डवेअर, पूजासाहित्य, दोन हळदीचे व्यापारी आणि मधोमध माझं स्टेशनरीचं दुकान. 2008 साली सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, अर्धांगाचा झटका आला आणि गल्लीच्या व्यापारी संघाची खजिनदारकी त्यांच्या पत्र्याच्या पेटीसकट माझ्याकडे आली. कुणी निवडून दिलं नव्हतं. "वहिनी, सध्या तुम्हीच बघा की," एवढंच अध्यक्ष म्हणाले. ते 'सध्या' यंदापर्यंत चाललं.

यंदा मी पेटी दुसऱ्याच्या हाती दिली. नवा खजिनदार तिशीतला, बी.कॉम. झालेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, सगळं टॅलीत टाकतो." टाक की. पण काय टाकायचं आणि काय वेगळं ठेवायचं हे टॅली, म्हणजे ते हिशेबाचं सॉफ्टवेअर, सांगत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे थोडं सविस्तर लिहिते. पन्नास ते दीडशे दुकानांच्या कुठल्याही संघाला उपयोगी पडावं. मोठ्या चेंबरवाल्यांनी वाचायची गरज नाही, त्यांच्याकडे पगारी माणसं असतात.

आधी ताबा घ्या, मग वही उघडा

मी केलेली पहिली चूक इथलीच. पेटी घेतली, कीर्दीतली, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली, शेवटची शिल्लक वाचली आणि तिथून पुढे लिहायला लागले. तीन महिन्यांनी कळलं, की वहीत हातशिल्लक 6,340 असली तरी पेटीत 4,100 होते. बाकीचे कुठे गेले? अण्णांना बोलता येत नव्हतं. पुढे त्यांच्या खिशातल्या डायरीत सापडलं, गुरख्याला दिलेली उचल. चोरी नव्हती, पण ते तीन महिने मी गल्लीतून मान खाली घालून चालले.

म्हणून वही उघडायच्या आधी जुन्या-नव्या दोघांनी समोरासमोर बसून ताबा यादी करायची. रोख मोजायची, कुठल्या किती नोटा तेही लिहायचं. बँकेचं त्या दिवसापर्यंतचं स्टेटमेंट. ठेवीच्या पावत्या, प्रत्येकीचा नंबर आणि मुदत संपण्याची तारीख. पावती पुस्तकं: वापरलेली किती, कोरी किती, अर्धवट कुठलं आणि कुठल्या नंबरपर्यंत. गुरख्याकडे, इलेक्ट्रिशियनकडे, मांडववाल्याकडे उचल किंवा अनामत अडकली असेल तर ती. शिक्के, पॅन कार्ड, नोंदणीचं प्रमाणपत्र, घटनेची प्रत. यादीखाली दोघांच्या सह्या, शिवाय समितीतल्या तिसऱ्या माणसाची. जे सापडत नाही तेही यादीत लिहायचं, 'सापडले नाही' असं. ती ओळ लिहायला जुन्याला लाज वाटते आणि मागायला नव्याला संकोच. नेटाने लिहून घ्या.

बँकेचं काम दुसऱ्या दिवशी. सह्या बदलणं सगळ्यांना आठवतं, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणालाच नाही. आमच्या खात्याचा ओटीपी दीड वर्ष माजी अध्यक्षांच्या मुलाला पुण्यात जात होता. दर वेळी त्याला फोन करायचा, "बाळा, सहा आकडे आलेत का बघ." संघाच्या नावाने वेगळं सिमकार्ड घ्या आणि ते साध्या फोनमध्ये घालून पेटीत ठेवा.

आणि बदल अर्ज. आमचा संघ 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेला आहे, महाराष्ट्रात बऱ्याच संघांचं तसंच असतं. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही तर परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या नोंदणीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं राहतात, आणि बँक नव्या सह्यांसाठी नेमकं परिशिष्ट एक मागते. मी ताबा घेतला तेव्हा आमच्या परिशिष्टावरच्या सात जणांपैकी चार वारले होते. तीन निवडणुकांचे अर्ज एकदम द्यावे लागले, उशीर माफीच्या अर्जासकट. वकिलाची फी वर्षाच्या वर्गणीच्या पाचव्या हिश्शाएवढी झाली.

व्याजावर बसलेला संघ

आता मुख्य गोष्ट. अण्णांच्या 1996 च्या कीर्दीत लाल शाईने लिहिलेला एक शेरा होता: 'ठेवीच्या व्याजातून खर्च भागत असल्याने सभासद वर्गणी बंद. ठराव एकमताने मंजूर.' एकमताने होणारच, वर्गणी बंद करायला कोण नाही म्हणेल?

त्याचं असं झालं होतं. 1994 ला गल्लीतल्या 60 दुकानदारांनी प्रत्येकी 3,000 रुपये कायम ठेव दिली. 1,80,000 जमले. तेव्हा बँकेत बारा टक्के व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला 21,600. गुरख्याचा पगार महिना 900, दिवाळीचा एक जादा धरून वर्षाला 11,700. बाकी चहापाणी, कागद, ऑडिट. व्याजातच सगळं भागून वर उरायचं. अण्णा अभिमानाने सांगायचे, "आमचा संघ कुणापुढे हात पसरत नाही."

हात पसरत नव्हता म्हणून दारातही जात नव्हता. आठ वर्षं कुणी वर्गणीला फिरलं नाही. दरम्यान दुकानं बदलली, भाडेकरू गेले, मुलं गादीवर आली. 2002 पर्यंत व्याज साडेसात टक्क्यांवर आलं, म्हणजे 13,500. गुरखा 1,500 वर गेला, त्याचेच 19,500 झाले. मग समितीने काय केलं? वर्गणी पुन्हा सुरू करायच्या ऐवजी सगळी ठेव मोडून एका सहकारी बँकेत नेली, तिथे दीड टक्का जास्त होता म्हणून. काही वर्षांनी त्या बँकेवर निर्बंध आले, पुढे ती अवसायनात गेली, म्हणजे कायमची गुंडाळली. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला 1 लाख होती. संघाला 1 लाख मिळाले, तेही वाट बघून बघून. 80,000 गेले.

आणि 2004 ला वर्गणी मागायला निघाले तेव्हा 80 दुकानांतून 22 पावत्या फाटल्या. नव्या दुकानदारांचा सरळ प्रश्न, "कुठला संघ वो?" पुढच्याच वर्षी, 2005 ला, कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. पंचनाम्यासाठी तलाठ्यापुढे गल्लीतर्फे कोण बोलणार हे ठरवायलासुद्धा सभा भरली नाही.

माझं मत त्या वहीने बनवलं. वर्गणीच्या पैशाइतकीच वर्गणीची फेरीही संघाला लागते. वर्षातून एकदा 86 दारांत उभं राहिलं की कुणाचं शटर अर्धवट आहे, कुणाचा मुलगा धंदा सोडून चाललाय, कुणाच्या गटारीचं पाणी कुणाकडे जातंय हे कळतं. ठेवीच्या व्याजातून यातलं काही कळत नाही. म्हणून मी नियम करून घेतला: ठेवीचं व्याज रोजच्या खर्चात घ्यायचं नाही, ते ठेवीतच घालायचं. ते काढायचं तर पूर, आग किंवा गल्लीचं मोठं काम, आणि तेही सभेच्या ठरावाने. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "वहिनी, 27,000 व्याज पडलंय, मग वर्गणी कशाला वाढवता?" दरवर्षी मी त्यांना ती लाल शाई सांगते.

वर्गणी रुपयांत ठरवू नका

घटनेत 'वार्षिक वर्गणी रु. 300' असं लिहून ठेवलं की तो आकडा वीस वर्षं हलत नाही. वाढवायला घटनादुरुस्ती लागते आणि तिचं नाव काढलं की सभा ओस. आमच्या संघाचा सगळ्यात मोठा खर्च गुरखा. (आमचा गुरखा जत तालुक्यातला आहे, पण गल्लीत त्याला गुरखाच म्हणतात, त्यालाही सवय झालीय.) म्हणून आम्ही ठराव केला, की वर्गणी गुरख्याच्या पगारावरून निघेल. यंदाचं गणित असं:

पगार महिना 12,000. दिवाळीचा धरून तेरा पगार, 1,56,000. याला भागायचं ते 86 ने नव्हे, तर गेल्या वर्षी ज्यांनी खरोखर दिली त्या 72 ने. 2,167 रुपये येतात. त्यावर चौथा हिस्सा इतर खर्चाचा, 542. एकूण 2,709, म्हणून वर्गणी 2,700. महिन्याला 225 पडतात. बोर्डवर हे गणित जसंच्या तसं लिहायचं. "225 कशाचे?" असं विचारणाऱ्याला रात्री दोन वाजता शिट्टी ऐकू येते, तेवढं उत्तर पुरतं.

86 ने भागायचा मोह फार होतो, आकडा छोटा दिसतो. पण न देणारे 14 जण कागदावर देतात आणि खर्च मात्र खराच असतो. त्याच कारणाने येणे वर्गणी ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू नका. थकबाकीची यादी वेगळी ठेवा. आमच्या जुन्या ताळेबंदात 41,000 'येणे वर्गणी' होती, त्यातल्या नऊ जणांची दुकानं बंद पडून तिथे मोबाइलची दुकानं आली होती. बुडालेल्या बँकेतले 80,000 सुद्धा 'येणे' म्हणून कित्येक वर्षं फिरत होते. दोन्ही रकमा 2011 च्या सभेत ठराव करून बुडीत लिहिल्या. ताळेबंद एकदम रोडावला. एक काका म्हणाले, "वहिनीनं येऊन संघ गरीब केला." केला असेल.

फेरी कधी काढायची? मार्चमध्ये अजिबात नाही, सगळे बँकेच्या आणि कराच्या तावडीत असतात. श्रावणात धंदा नसतो. दसरा ते दिवाळी बोलायला वेळ नसतो. भाऊबीज झाली की चौथ्या दिवशी निघायचं. गल्ल्यात पैसे असतात, माणूस खुशीत असतो. सकाळी जाऊ नका, बोहणी व्हायच्या आधी कुणी पैसा बाहेर काढत नाही, आणि मागणाऱ्याचं तोंडही त्या दिवसभर लक्षात ठेवतो. दिवेलागणीलाही नको. साडेअकरा ते एक ही वेळ. दोघांनी जायचं, त्यातला एक त्याच ओळीतला हवा. काउंटरवरच्या पोराकडे मागायचं नाही, शेठ नसले तर परत यायचं. 'नंतर या' म्हणाले तर कधी ते विचारून पुस्तकाच्या मागे लिहायचं, त्यांच्या देखत.

ज्या कामाचा पैसा, त्या कामाला

2013 ला एलबीटीच्या, म्हणजे जकातीच्या जागी आलेल्या स्थानिक संस्था कराच्या, विरोधात महाराष्ट्रभर व्यापारी उठले, आम्हीही उठलो. आंदोलन निधी म्हणून 78 जणांकडून 500 घेतले, 39,000 झाले. बंदचे फलक, गाड्या, वकिलाच्या खर्चातला आमचा वाटा धरून 21,600 गेले. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला, म्हणजे आमच्या सगळ्या गल्लीचा प्रश्न मिटला. निधीत 17,400 शिल्लक. पैसे संघाच्या एकाच खात्यात पडून होते. पुढच्याच महिन्यात गणपती आले, आणि समितीने त्यातून गल्लीभर माळा लावल्या. चेक माझ्याच सहीचा.

वार्षिक सभेत एक कापडवाले उठले. शांत माणूस, कधी बोलत नाही. म्हणाले, "मी 500 एलबीटीसाठी दिले, माळांसाठी नाही. उरलेत 17,400, आम्ही 78. माझे 223 रुपये 8 पैसे परत द्या." लोक हसले. मी घरी येऊन भागाकार केला, बरोबर 223 रुपये 8 पैसेच येत होते. चूक माझी होती. पुढची दोन वर्षं साध्या वर्गणीतून वाचवून ते 17,400 भरून काढले, आणि मग सभेने ठराव करून कॅमेऱ्यांसाठी ठेवले. कापडवाल्यांनी हात वर केला तेव्हा कुठे मला झोप लागली.

तेव्हापासून खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, तीन वेगळी खाती: चालू, राखीव आणि कामाचा निधी. प्रत्येक कामाचं स्वतंत्र पान. बँक खातं एक असलं तरी चालतं, पान मात्र वेगळं हवं. आणि निधीची पावती छापतानाच तिच्यावर एक ओळ घालायची: 'काम पूर्ण झाल्यावर शिल्लक राहिल्यास ती राखीव निधीत जमा होईल.' किंवा परत देणार असाल तर तसं. पैसे देताना माणूस ही ओळ वाचत नाही, पण भांडताना वाचतो.

पाणी

सांगलीतल्या माणसाला हा भाग टाळता येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांना पाठ असतं. 2005 ला 53 फुटांवर गेलं होतं. दुकानात त्या पाण्याची खूण भिंतीवर कोरलेली होती आणि संघाची पेटी मी तिच्यावर दोन फूट उंच फळीवर ठेवली होती. शहाणपणाच केला म्हणायचा. ऑगस्ट 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं, म्हणजे आमच्या जुन्या खुणेच्या वर साडेतीन-चार फूट.

आठ-दहा दिवसांनी शटर उघडलं तेव्हा पेटी चिखलात उलटी होती. अण्णांच्या वह्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या, पानं नुसती निळी-जांभळी. 1996 चा लाल शेराही त्यातच गेला. माझ्या वह्या बॉलपेनच्या, त्या बऱ्याच वाचता आल्या. सगळ्यात नीट राहिल्या त्या पावती पुस्तकांतल्या कार्बनच्या स्थळप्रती, म्हणजे पावती फाडल्यावर आपल्याकडे राहते ती प्रत. वर्तमानपत्राचे कागद मध्ये घालून, पंख्याखाली, उन्हात न ठेवता, एकेक पान सुटं केलं. घरात तीन आठवडे वास होता. शेवटी पुस्तक क्रमांक 23 मधली 41 नंबरची स्थळप्रत सापडली नाही. बाकी सगळ्या आहेत.

आता मी काय करते: दर महिन्याच्या शेवटी कीर्दीच्या पानांचे आणि स्थळप्रतींचे मोबाइलवर फोटो, ते संघाच्या ईमेलवर आणि सचिवांच्या पेन ड्राइव्हमध्ये. मूळ ठेवीच्या पावत्या विश्रामबागला एका सभासदाच्या घरी, पहिल्या मजल्यावर. जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं तेव्हा वही भिजली नाही. माणसं दमली होती, पण वही कोरडी होती.

पुरानंतर पैसाही येतो, आणि त्याचा हिशेब वर्गणीपेक्षा नाजूक. पुण्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनी आम्हाला 1,20,000 पाठवले. वाटायचे कसे? नुकसानीच्या आकड्यावर वाटायला गेलात तर मेलात. ज्याने दोन लाख सांगितले तो चार सांगेल. आम्ही एकच कसोटी लावली: काउंटरच्या वर पाणी गेलं का? अशी 48 दुकानं होती, प्रत्येकाला सारखे 2,500, सगळे चेकने. पाच जणांनी नको म्हटलं. त्यांच्या नावापुढे 'नाकारले' असं लिहून त्यांचीही सही घेतली, आणि ते 12,500 ज्यांच्या दुकानात पगारी पोरं होती त्यांच्या पोरांसाठी दिले, देणाऱ्यांना फोनवर विचारून. महिन्याच्या आत यादी बंद करून शटरवर चिकटवली आणि एक प्रत पुण्याला पाठवली.

रोख, क्यूआर आणि ठेव

नोव्हेंबर 2016 ला माझ्याकडे संघाचे 14,500 जुन्या नोटांत होते. भरले बँकेत, रांगेत उभं राहून. त्यानंतर हातात 2,000 च्या वर ठेवत नाही.

क्यूआर कोड लावा, पण तो कुणाच्या खात्याचा आहे ते आधी बघा. आमच्या गल्लीतल्या एका उत्साही सभासदाने स्वतःचाच कोड छापून दिवाळीत वर्गणी घेतली होती. पैसे सगळे दिले त्याने, पण त्याच्या खात्यात ते त्याचं उत्पन्न दिसतं आणि आमच्याकडे पावतीच नाही. यूपीआयने आले तरी कागदाची पावती फाडायचीच, वर व्यवहाराच्या नंबरातले शेवटचे सहा आकडे. गुरख्याचा पगार बँकेत टाकलेला बरा. रोख दिलात तर व्हाउचरवर सही, आणि 5,000 च्या वर रक्कम असली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

ठेवीबद्दल आमच्या अनुभवातून शिकायचं ते एवढं. 4 फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवीला विमा 5 लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदाराला. त्याच बँकेच्या दोन शाखांत ठेवलं म्हणून तो दुप्पट होत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागूच नाही. शिवाय विश्वस्त कायद्याच्या कलम 35 प्रमाणे पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात, सरकारी रोख्यांत किंवा शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेतच ठेवायचा असतो. अध्यक्षांच्या मेहुण्याची पतसंस्था एक टक्का जास्त देते, हे वाक्य प्रत्येक संघात कधी ना कधी उच्चारलं जातं. कलम सांगायचं आणि चहा मागवायचा. आमचे 4,20,000 आता राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत.

कर थोडक्यात

सभासदांनी आपसात गोळा करून आपल्यावरच खर्च केलेल्या वर्गणीला परस्परतेचं तत्त्व लागू होतं, तिला नफा म्हणत नाहीत. पण बँकेचं व्याज त्यात बसत नाही. बंगळुरूच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 ला ते स्पष्ट केलं. तेव्हा पॅन संघाच्या नावाचं हवं आणि रिटर्न भरायचं. एखाद्या सभासदाला खास सेवा देऊन त्याचे वेगळे पैसे घेत असाल, तर ते धंद्याचं उत्पन्न धरलं जातं, हे सीएशी आधी बोलून घ्या. जीएसटीची नोंदणी सेवांच्या 20 लाखांच्या उलाढालीनंतर येते, आमच्यासारख्यांना तिची चिंता नाही. तरी 2017 नंतर दोन वर्षं एक सभासद वर्गणीच्या पावतीवर जीएसटी नंबर मागायचे, क्रेडिट घ्यायला. 225 रुपयांच्या गुरख्याचं क्रेडिट!

हिशेब 31 मार्चला बंद करायचा, ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यायचं. स्वस्तात होतं म्हणून सभासदाच्याच भाच्याकडून ऑडिट करून घेऊ नका.

सभेत वाचायचं पान

ऑडिटरचा ताळेबंद सभेत कुणी वाचत नाही. मी एक पान काढते, मोठ्या अक्षरात, आणि उभी राहून वाचते. गेल्या वर्षीचं असं होतं: वर्गणी 1,94,400. गुरखा 1,56,000. कॅमेरे दुरुस्ती 9,600. कॅमेऱ्यांचं लाइटबिल आणि नेट 6,300. ऑडिट 7,000. वार्षिक सभेचा नाश्ता 5,400. वकील 3,500. कागद-टपाल 2,150. एकूण खर्च 1,89,950, शिल्लक 4,450. त्याखाली रेघ मारून राखीवचं वेगळं: व्याज 27,300, दोन नव्या सभासदांची प्रवेश फी 2,200, हात लावलेला नाही. खाली थकबाकीदारांची संख्या, नावं नाहीत. नावं वाचली की माणूस पुढच्या वर्षी देतही नाही आणि येतही नाही.

नाश्त्याच्या 5,400 वर हमखास चर्चा होते. गुरख्याच्या दीड लाखावर कुणी बोलत नाही. होऊ द्या, नाश्त्याच्या निमित्ताने पान तरी वाचलं जातं.

यंदा सभेनंतर नव्या खजिनदाराबरोबर माझ्या दुकानात बसून ताबा यादी केली. रोख 1,870. कोरी पावती पुस्तकं तीन. गुरख्याची उचल 5,000, मुलीच्या लग्नाची, महिना 500 ने फिटते. सिमकार्डचा फोन, चार्जरसह. त्याने सगळं टॅलीत आणि कागदावर दोन्हीकडे उतरवलं. शेवटी म्हणाला, "वहिनी, 23 नंबरच्या पुस्तकातली 41 ची स्थळप्रत?" मी म्हटलं, लिही, सापडली नाही. त्याने लिहिलं, आम्ही दोघांनी सह्या केल्या, आणि पेटी उचलून तो पलीकडच्या ओळीत गेला.